फाट्यावरचा टँक

आमच्या फाट्यावर उतरायचं असलं तर कंडक्टरला गावाचं नाव सांगत बसू नका. 'टँक' म्हणा, तो बेल मारतो. शिरूरकडनं या नाहीतर दौंडकडनं या, उसाच्या फडांमधनं रस्ता वळला की आधी नळी दिसते, मग तिच्यामागचं हिरवं धूड दिसतं. खरा रणगाडा आहे, लढाईतला. त्याच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे, आणि माझ्या भावानं जन्मात कधी रणगाडा चालवला नाही.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस चालवतो. रोज जाता-येता त्या टँकसमोरनं गाडी काढावी लागते. बिहारकडची पोरं नवीन लागली की हमखास विचारतात, "उस्ताद, ये टैंक किसका है?" जुनी पोरं मागनं सांगतात, "उस्ताद के भाई का." मग नवी पोरं माझ्याकडं असं बघतात, जसं काय आमच्या दारात म्हशींबरोबर रणगाडे बांधलेले असतात. मला राग येतो. मला राग तसा लवकरच येतो, घरचे म्हणतात क्लचपेक्षा हॉर्नवर तुझा हात जास्त. पण या टँकच्या बाबतीत मी चिडतो ते उगाच नाही, आणि एकदा सगळं सांगून टाकतो.

धाकटा फौजेत ड्रायव्हर होता, पण पाण्याच्या गाडीवर. वर डोंगरात जिथं पाईपातलं पाणी गोठतं, तिथल्या चौक्यांना पाणी पोचवायचं, हे त्याचं काम. फोनवर हसत म्हणायचा, "भाई, मी फौजेतला पखालवाला हाय." सुट्टीला आला की दौंड स्टेशनला उतरायचा, तिथनं एसटी धरायचा आणि भर उन्हाचा पत्र्याची ट्रंक घेऊन फाट्यावर उतरायचा. फाट्यावर सावलीला एक बाभळ आणि एक चहाची टपरी. टपरीवाला चहा घेतला तरच पाणी देणार. तिथनं आमची वस्ती चालत बरीच लांब. घरात पाऊल टाकताना धाकट्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "सगळ्या पलटणीला मी पाणी पाजतो आन् माझ्या फाट्यावर घोटभर पाणी न्हाई."

अम्मी म्हणायची, "तू रिटायर हो आन् बांध एक टाकी."

"बांधतोच," तो म्हणायचा. दर सुट्टीला मायलेकरांचं हे बोलणं व्हायचंच. आम्ही घरात हिंदी-मराठी कालवूनच बोलतो, पण टाकीचं बोलणं कायम मराठीत चालायचं.

एका पावसाळ्यात वरचा रस्ता खचला आणि त्याची गाडी भरल्या पाण्यानिशी दरीत गेली.

तो तिरंग्यात गुंडाळून आला त्या दिवशी गावानं जे केलं ते मी विसरणार नाही. गावात चूल पेटली नाही. कबरस्तानात जागा पुरेना म्हणून लोक बांधावर, झाडांवर, ट्रॉल्यांवर उभे होते. भजनी मंडळातली म्हातारी माणसं टोप्या काढून आमच्या रांगेमागं हात बांधून उभी राहिली. हे आधी सांगतो, कारण पुढं मी गावाला बरंच बोलणार आहे.

चाळिसावा दिवस झाला आणि अम्मीला स्वप्नं पडायला लागली. सारखं तेच स्वप्न. धाकटा फाट्यावर बाभळीखाली उभा आहे, ओठ सुकलेत, आणि बोलत काही नाही. "तहानलाय तो," ती म्हणायची. आमच्यात मानतात, गेलेल्याच्या नावानं पाणी पाजलं की पिणाऱ्याच्या प्रत्येक घोटाचं पुण्य त्याला पोचतं. अम्मीचं बाकी काहीही मागणं नव्हतं. पेन्शन कुठं अडकली, कागद कुणी आणायचे, तिला काही सोयरसुतक नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत फाट्यावर त्याच्या नावानं कुणीतरी पाणी प्यावं, एवढंच तिला पाहिजे होतं. माझा असल्या गोष्टींवर फार विश्वास नाही. पण आईची झोप उडालेली बघवत नव्हती.

गावानं सभा घेतली. मंदिराच्या सभामंडपात. अब्बा आणि मी पुढं, सतरंजीवर. अध्यक्ष आप्पा. आप्पा म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं राजकारण. सोसायटी, दूध डेअरी, पॅनल, सगळं त्यांच्या टोपीखाली. माणूस मनानं मोठा, पण इंग्रजी शब्दाचा भारी शौक. विहिरीला 'वेल' म्हणतील, बैलाला 'बुल' म्हणतील आणि स्वतःच खूष होतील.

आप्पा म्हणाले, "पुतळा बसवायचा. फुल साइज. हातात रायफल."

अब्बा शिंपी माणूस, आयुष्यभर खाली मान घालून शिवण मारलेली. हळूच म्हणाले, "आप्पा, गावाचे उपकार हायेत. पण आमच्यात पुतळा चालत न्हाई."

कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनीच एकदम डोकं चालवायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, चेहरा करू नका, नुसती वर्दी करा. दुसरा म्हणाला, पाठमोरा पुतळा करू, तोंड उसाकडं, म्हणजे बघणाऱ्याला दिसणारच नाही आणि कुणाची हरकतही राहणार नाही. तिसऱ्यानं विचारलं की अर्धा चालतो का, कमरेखालचा, नुसते बूट आणि पँट. ही चर्चा तासभर चालली आणि कुणीही थट्टा करत नव्हतं. माझं डोकं तापत होतं, पण हसूही येत होतं, आणि अशा वेळी हसू आलं याचा परत रागही येत होता.

शेवटी अब्बा म्हणाले, "त्याच्या आईची इच्छा हाय, फाट्यावर टाकी बांधावी. त्याच्या नावानं."

"टाकी," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. त्यांना शब्द आवडला, पण हलका वाटला. "टँक म्हणा. शहीद जवान स्मृती टँक."

टाळ्या पडल्या. आमच्याकडं पाण्याच्या टाकीला निम्मी माणसं टँकच म्हणतात. 'टँक भरला का', 'टँक वाहतोय, मोटर बंद कर'. त्यात कुणाला काही खटकायचं कारण नव्हतं. आप्पांनी तिथंच मोबाईल काढला, स्पीकर लावला आणि वरच्या एका साहेबांना फोन केला.

"साहेब, आपल्या जवानाचं स्मारक करायचंय. गावाला एक टँक पायजे."

साहेब म्हणाले, "टँक? वा आप्पा. लय मोठा विचार केला तुम्ही."

"मोठाच पायजे साहेब. बारका नको. फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला उपयोग झाला पायजे."

"उपयोग म्हणजे, प्रेरणा मिळंल ना पोरांना. मी बोलतो. जुने असतात त्यांच्याकडं."

"जुना नको साहेब, गळंल," आप्पा म्हणाले.

साहेब मोठ्यानं हसले. आप्पांना वाटलं आपण विनोद केला. तेही हसले. सगळी सभा हसली. अख्ख्या गावादेखत, स्पीकरवर, दोन्ही बाजूंनी शुद्ध मराठीत बोलणं झालं आणि एकालाही शंका आली नाही.

फाट्यावर चौथरा बांधला. गवंडी विचारायला लागला, टाकी केवढी? आप्पांनी साहेबांच्या माणसाला विचारलं. तिकडनं वजन कळलं. गवंडी म्हणाला, आप्पा, एवढं वजन म्हंजी अख्ख्या तालुक्याला पाणी पुरंल. आप्पांची छाती फुगली. जाड गज टाकले, ट्रकनं खडी आणली. अम्मी रोज संध्याकाळी वस्तीवरनं चालत येऊन त्या चौथऱ्यावर बादलीभर पाणी मारून जायची, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून. त्या दिवसांत तिला झोप लागत होती.

मग तो दिवस आला. नगरच्या बाजूनं सकाळी एक अवाढव्य ट्रेलर निघाला आणि दुपारी आमच्या वळणावर येऊन अडकला. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मागं एसटी, दुधाचे टेम्पो, कांद्याच्या गाड्या. लाईटच्या तारा बांबूनं वर उचलून धरल्या. ताडपत्री ओढली, आणि खाली नळीच नळी.

बँडवाल्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, ताडपत्री निघाली की वाजवा. ते वाजवायला लागले. बाकी सगळे उभेच्या उभे. आप्पा चष्मा पुसायला लागले. सोबत आलेल्या वर्दीतल्या माणसानं कडक सॅल्यूट ठोकला, मग गावकऱ्यांनीही ठोकला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

अम्मी गर्दीतनं वाट काढत पुढं आली. टाकी आली असं तिला कुणीतरी घरी येऊन सांगितलं होतं. बिस्मिल्ला म्हणून पहिली कळशी आपल्या हातानं ओतायची म्हणून ती भरून घेऊन आली होती. तिनं टँकभोवती एक चक्कर मारली. पत्र्यावर हात फिरवला.

"आप्पा, ह्यात पाणी कुठनं भरायचं?"

आप्पांनी परत चष्मा पुसायला घेतला.

तिनं वर बघितलं. "ही तोटी का? लय उंचावर बसवली. पोरांचा हात कसा पुरंल?"

"चाची," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, "हा लढाईचा टँक हाय."

"मग पाण्याचा कवा येणार?"

मी तिच्या हातातली कळशी घेतली आणि तिला घरी घेऊन आलो. मागं क्रेन चालू झाली होती. वाटेत ती एवढंच म्हणाली की लोकांनी मन लावून आणलंय, तू कुणाला बोलू नको. मी बोललो नाही. त्या रात्री मात्र मी चिडून ताट ढकललं आणि बायकोची बोलणी खाल्ली.

परत पाठवायचा म्हटलं तर साहेबांचा अपमान, फौजेचा अपमान आणि शहिदाचा अपमान, असे तीन अपमान आप्पांनी बोटांवर मोजून दाखवले. टाकीचं नंतर बघू म्हणाले. आणि मग गाव त्या टँकच्या नादी लागलं. शेजारच्या गावाचं शिष्टमंडळ आलं, म्हणाले, तुमच्या तोफेचं तोंड आमच्याकडं हाय, आमच्यात चर्चा सुरू झालीय. वरचा डोलारा वेल्डिंग करून पक्का केलेला, म्हणून परत क्रेन आणून अख्खा टँक फिरवला. आता तोंड माजी सरपंचाच्या बंगल्याकडं झालं. त्यांनी उपोषणाची भाषा केली. परत फिरवला, तर एसटीचे ड्रायव्हर म्हणाले, वळणावर एकदम काचेसमोर नळी येते, छातीत धस्स होतं. शेवटी तोंड उसाकडं करून ठेवलं. तोही एका शेतकऱ्याचा फड होता, पण तो म्हणाला, असू द्या, डुकरं तरी भितील.

मग लायटिंग झालं. सेल्फी पॉइंट झाला. लग्न ठरलेली जोडपी येऊन नळीला टेकून फोटो काढायला लागली, वाढदिवसाचे केक पट्ट्यावर ठेवून कापायला लागली. हळूहळू गोष्टच बदलली. शाळेतल्या मुलांना सांगायला लागले की याच टँकमधून आपल्या जवानानं शत्रू उडवला. मी एकदा तिथं गाडी थांबवून म्हणालो, अहो, तो पाण्याच्या गाडीवर होता, पाणी पाजायचा सगळ्यांना. एक जाणते गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं खरं हाय, पण पाण्याचं कशाला सांगता, जरा कमी वाटतं." माझ्या भावाचा जीव त्या पाण्यापायी गेला, आणि ह्यांना ते कमी वाटत होतं. त्या माणसाशी मी अजून बोलत नाही.

आता गंमत ऐका. टँक देताना अट घातली होती, तो स्वच्छ राहिला पाहिजे. बाजूनं उसाच्या गाड्या जाणार, धूळ बसणार. म्हणून पंचायतीनं गावच्या नळयोजनेवरून खास पाईप टाकला. चौथऱ्याजवळ तोटी बसवली. गोड, स्वच्छ पाणी. धाकट्याला आयुष्यभर जे मिळालं नाही ते फाट्यावर आलं, पण टँकला आंघोळ घालायला. तोटीला कुलूप, चावी पंचायतीच्या शिपायाकडं. ठरलेल्या वारी सकाळी शिपाई पाईप लावून टँक धुवायचा, आणि एसटीची वाट बघणारी माणसं कोरड्या घशानं रस्त्यावरनं वाहणाऱ्या पाण्याकडं बघत उभी राहायची. कुणी ओंजळ पुढं केली की शिपाई म्हणायचा, "टँकचं हाय. ऑडिट लागतंय."

लोक ऐकेनात म्हणून पंचायतीनं पाटी करायला टाकली. मजकूर असा होता: 'हे पाणी फक्त शहीद जवान', मग भावाचं पूर्ण नाव, मग 'स्मृती टँक यांच्यासाठी. हुकमावरून.' पण पत्रा लहान पडला. आमचं आडनाव लांब. पेंटरनं आपल्या मनानं 'स्मृती टँक' गाळून टाकलं आणि पाटी ठोकून मोकळा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ती महिनोन् महिने वाचली असेल. मीही गाडीतनं वाचली असेल. पाटी कोण वाचतं?

अम्मी तर फाट्याकडं फिरकतच नव्हती. कुठं जायचं झालं तर पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायची. झोप परत गेली होती. शरीर उतरलं होतं. पहाटे फजरच्या नमाजानंतर अंगणात बसून राहायची आणि मी ड्यूटीला निघालो की विचारायची, "काय म्हणतात टाकीचं?" मी म्हणायचो, "चाललंय." तिनं दर वेळी मान डोलवावी आणि मी दर वेळी खोटं बोलावं, असं दोन उन्हाळे गेले.

धाकट्याच्या दुसऱ्या बरसीला गावानं टँकसमोर कार्यक्रम ठेवला. साहेब येणार, मानवंदना होणार, आई-वडिलांचा सत्कार. अम्मी नाही म्हणत होती. आप्पा स्वतः घरी आले, दारात उभे राहून म्हणाले, "चाची, माझं चुकलं असंल. पण तुम्ही न्हाई आलात तर मी त्या खुर्चीत कसा बसू?" मग ती आली.

पाऊस लांबलेला, ऊन जहाल. साहेबांचा पत्ता नाही. व्यासपीठावरच्या पाहुण्यांपुढं पाण्याच्या बाटल्या, खाली शाळेची पोरं, बायाबापड्या, सगळी तापत बसलेली. शिपाई टँकवर शेवटचा हात मारत होता, पाणी पट्ट्यांवरनं ओघळून मातीत जात होतं. अम्मीची खुर्ची नेमकी तोटीशेजारी आली. तिला अरबी वाचता येतं, मराठी नाही.

"त्या पाटीवर ह्याचं नाव हाय ना?" ती मला म्हणाली. नावाचा आकार तिला ओळखू येतो. "काय लिवलंय?"

मी वाचलं. वाचता वाचताच मला कळलं मी काय वाचतोय. हे पाणी फक्त माझ्या भावासाठी. हुकमावरून.

"परत वाच," अम्मी म्हणाली.

मी परत वाचलं. ती उठली, टपरीवरनं स्टीलचे ग्लास मागून आणले आणि शिपायाच्या हातातला पाईप काढून घेतला. ग्रामसेवक व्यासपीठावरनं पळत आला.

"चाची, ते पाणी टँकचं हाय."

"टँकचं कुठं लिवलंय? माझ्या लेकाचं लिवलंय."

ग्रामसेवकानं पाटी वाचली. खाली वाकून वाचली, मग मागं सरकून वाचली. आप्पा आले, त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. सगळी सभा आता पाटीकडं तोंड करून बसली होती.

"हुकूम कुणाचा हाय?" आप्पांनी विचारलं.

"आपलाच, पंचायतीचा."

"मग मोडता येत न्हाई," आप्पा म्हणाले. "पाणी ज्याचं हाय तो हयात न्हाई. मग वारस कोण लागतो?"

ग्रामसेवकानं जन्मभर वारसनोंदी केलेल्या. त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आई."

"मॅटर क्लिअर," आप्पा म्हणाले, आणि खाली मान घालून त्यांनी डोळ्यांना टोपी लावली.

अम्मीनं पहिला ग्लास पुढच्या शाळेतल्या मुलीला दिला. मग रांग लागली. बँडवाले आले, उसात खुरपायला आलेल्या बाया आल्या, एसटी थांबवून ड्रायव्हर-कंडक्टर उतरले, माझ्या बसमधली बिहारची पोरं आली. साहेब आले तेव्हा व्यासपीठावर कुणीच नव्हतं. त्यांनाही रांगेत उभं राहावं लागलं. अब्बा खाली मातीत बसले आणि तीन घोटांत, सावकाश, डोळे मिटून प्याले. अम्मी कुणाला काही सांगत नव्हती, नाव घेत नव्हती. नुसती पिणाऱ्याच्या गळ्याकडं बघत होती, घोट खाली उतरताना.

सगळ्यात शेवटी तिनं माझ्यापुढं ग्लास धरला. मी नुकतीच व्यासपीठावरची बाटली संपवली होती.

"पी," ती म्हणाली. "त्याला पोचतंय."

मी प्यालो. तिनं परत भरला, मी परत प्यालो. पोट तुडुंब झालं, तरी ती भरत राहिली आणि मी पीत राहिलो. बस म्हणवेना. तो तिकडं किती तहानलेला होता कुणास ठाऊक.